पुरावा क्रमांक एक आणि मावशीची साउना

कोइवुला, मिशिगन
मंगळवार, १८ जून १९३५

आदरणीय लेम्पी मावशीला,
तिचा भाचा ऑस्मो राउतिओ याचा, खात्याची टोपी काढून, नमस्कार.

पत्र लिहायला विशेष असं काही कारण नाही. तुझे गुडघे कसे आहेत? सायमीने मागच्या पत्रात लिहिलं होतं की डुलुथच्या बंदराची दमट हवा त्यांना मानवत नाही, आणि जावईबापूंच्या घरात आपल्या फिनिश साउनेसारखी वाफ नाही, न्हाणीच्या नावाने नुसता एक नळ आहे. नळाने गुडघा मोकळा झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. बटाटे वर आले, लाल गाय व्यायली, घरधनीण हिल्या ठीक आहे आणि पाळकसाहेबांचं प्रवचन अजून तेवढंच लांब असतं. गावात (ज्यातली निम्मी माणसं तुझ्याच हातांनी जगात आली आहेत, माझ्यासकट) सगळे तुझी आठवण काढतात. गेले सहा आठवडे जरा जास्तच काढतात, त्याला कारण आहे.

लेकीकडे जाताना तू तुझ्या साउनेची किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "ऑस्मो, घर पडलं तरी चालेल, साउनेला जप." तुझे शब्द मी विसरलेलो नाही. तेव्हा आधीच सांगून टाकतो की साउना सुखरूप आहे. म्हणजे भिंती, छप्पर आणि दगडांची चूल. बाकीचं ओघाने येईल.

तुला माहीतच आहे की गेल्या जुलैपासून मी शिकारखात्यात निरीक्षक आहे, पण कच्चा. वर्षभर नीट काम केलं तर येत्या पहिल्या जुलैला पक्का होणार. खाण बंद आहे, लाकडाची गिरणी आठवड्यातून दोन दिवस चालते, आणि अख्ख्या कोइवुलात पुढच्या वर्षी आपल्याला काम असेल असं छातीठोकपणे सांगू शकणारा माणूस म्हणजे पाळकसाहेब आणि (पहिल्या जुलैनंतर) मी. म्हणून मी नियमाचं पुस्तक खिशात ठेवूनच झोपतो. गावातले लोक यावरून मला टोमणे मारतात. सहकारी दुकानात मी शिरलो की कुणीतरी हळूच म्हणतं, "मासे लपवा रे, ऑस्मो आला," मग तिथे मासे असोत की नसोत. मी लक्ष देत नाही. फक्त कोण बोललं ते वहीत लिहून ठेवतो.

आता नियम असा आहे. जंगलातलं, नदीतलं फरचं जनावर, मग ते झाडं कुरतडून नदीला बांध घालणारं बीव्हर असो, मिंक असो की पाणमांजर, सरकारच्या मालकीचं. ते ज्याला पाळायचं असेल त्याने आधी परवाना काढायचा, मग परवानेवाल्या पाळणाऱ्याकडून जोडी आणायची, पिंजरा मापात बांधायचा. परवाना नसताना नदीवरून एखादं उचलून घरी आणलं तर ती सरकारी मालाची चोरी. यात न समजण्यासारखं काय आहे? पण नेस्तोरी मत्तिलाला ते समजलं नाही. (तोच नेस्तोरी, ज्याने जन्मभर फासे लावले आणि माझ्या वडिलांना बर्फात पडलेले असताना पाठीवर घालून घरी आणलं. मी हे विसरलेलो नाही, पण नियमाच्या पुस्तकात याच्यासाठी रकाना नाही.)

वर्तमानपत्रात फरची जनावरं पाळून श्रीमंत झालेल्या कुणा विस्कॉन्सिनवाल्याचा फोटो त्याने पाहिला, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला नदीकाठून एक बीव्हर आणून बटाट्याच्या तळघरात पिंपात ठेवली. एवढ्यावर राहता तर मला कळलंच नसतं, आणि खरं सांगायचं तर मी तळघराच्या बाजूने जाणंही बंद केलं असतं. पण याने एक पाटी रंगवली आणि ती गुरुवारी, कॉफीचं पोतं उघडतात त्या दिवशी, सगळं गाव जमलेलं असताना दुकानाच्या दाराला ठोकली: "मत्तिला आणि कंपनी, फरची जनावरं पाळणारे". सगळ्यांनी आधी पाटी वाचली आणि मग माझ्याकडे पाहिलं. मावशी, माणसाला पळून जायला दुसरं दार नसतं अशी ती वेळ होती.

मी विचारलं, "कंपनी कोण?"

"पिंपात आहे," नेस्तोरी म्हणाला.

"म्हणजे चोरी केलीस."

"चोरी कसली रे ऑस्म्या? ती आपल्या पायांनी आली."

"पिंपात?"

"पिंपात मी घातली. पण आली ती स्वतः. आणि तुला काय झालंय रे? लहानपणी माझ्या घरी बीव्हरचं कालवण तीनदा मागून खायचास, तेव्हा नाही विचारलंस कुठून आणली ते!"

दुकान हसलं. मी तिथल्या तिथे नोटीस फाडून त्याच्या हातात दिली, तीन प्रतींत. न्यायाधीश महाराज आमच्या भागात तीन महिन्यांतून एकदा येतात, त्यामुळे सुनावणी पडली योहानाच्या सणानंतर, जूनच्या अखेरीला. तोपर्यंत जिवंत पुरावा "भक्कम, बिनफटीच्या आणि कुलूपबंद इमारतीत" ठेवायचा असं पुस्तक म्हणतं. कोइवुलात अशा इमारती दोनच: देऊळ आणि तुझी साउना. पाळकसाहेबांनी नुकतीच नवी बाकं बसवली आहेत, त्यांनी नकार दिला. तेव्हा मी माझ्या अधिकारात तुझी साउना सरकारजमा, म्हणजे तात्पुरती, अगदी तात्पुरती, वापरात घेतली. बीव्हरच्या गळ्यात पितळी चकती बांधली, पुरावा क्रमांक एक. पिंप पुरावा क्रमांक दोन होणार होतं, पण पिंपाला चकती कुठे बांधायची ते पुस्तकात नाही, म्हणून नुसतं जप्त केलं. कुलूप लावलं आणि किल्ली खिशात, पुस्तकाशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बसायची खालची लाकडी बैठक नव्हती. म्हणजे होती, पण वीतभर लांबीच्या सारख्या तुकड्यांत, आणि ते तुकडे कोपऱ्यात नीट रचून ठेवलेले. चकतीची दोरी खाल्लेली, चकती त्या ढिगावर ठेवलेली. काकांनी कोरलेला पाणी ओतायचा तो लाकडी डाव होता ना, त्याची वाटी शाबूत आहे. दांडा नाही. आणि गेल्या योहानाच्या सणाला बायकांनी वर्षभरासाठी बांधून टांगलेल्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या, ज्यांनी आपण वाफेत अंग झोडपतो, त्या सगळ्या तिने पानांसकट खाल्ल्या होत्या. राहिल्या त्या फक्त बांधायच्या सुतळ्या. मी सगळ्याची नोंद केली. "पुराव्याची भूक चांगली आहे," असं लिहिलं.

आता पुरावा उपाशी मेला तर खटला मेला. खायला काय द्यायचं ते पुस्तकात नाही. गावात ज्याला ते माहीत होतं असा एकच माणूस होता, आणि तो आरोपी. मी नियमाप्रमाणे त्याला सांगितलं की आरोपीने पुराव्यापासून वीस पावलं दूर राहायचं. तो रोज सकाळी ॲस्पेनच्या फांद्यांचा भारा घेऊन यायचा, एकविसाव्या पावलावर ओंडका टाकून बसायचा आणि तिथून ओरडायचा, "साल खालच्या बाजूने दे! पाणी बदल! अरे शहाण्या, ती काय गाय आहे का कडबा टाकायला?" पहिल्या आठवड्यात पाऊस आला तेव्हा तो अकरा पावलांवर आला, कारण तिथे झाडाचा आडोसा होता. दुसऱ्या आठवड्यात तो उंबऱ्यावर बसून माझीच कॉफी पीत होता आणि हिल्या त्याला वेलदोड्याचा पाव कापून देत होती. हे सगळं मी रोजच्या अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं आहे. "आरोपी हजर. कॉफी दोन पेले."

पण खरा प्रश्न शनिवारचा होता. तुझ्या साउनेत शनिवारी अकरा घरं न्हातात हे तुला सांगायला नको. पहिला शनिवार कोरडा गेला. लोकांनी सहन केलं. दुसरा कोरडा गेला, आणि रविवारी देवळात जो वास होता त्याबद्दल मी लिहीत नाही. दुकानाचा व्यवस्थापक हाकोला माझ्याशी बोलेनासा झाला. सासूबाईंनी हिल्याला निरोप पाठवला की त्यांच्या उभ्या आयुष्यात शनिवार चुकला नव्हता, बोटीवरून अमेरिकेला येताना सोडून, आणि तेव्हा निदान समुद्रापुढे इलाज नव्हता. कुणीतरी माझ्या दारावर खडूने लिहिलं, "बीव्हर स्वच्छ आहे. आम्ही नाही." (अक्षर पाळकीणबाईंचं आहे. पण तीन प्रतींत सिद्ध करता येणार नाही.)

शेवटी पंचवीस मेच्या शनिवारी मी माघार घेतली. मी माघार घेणारा माणूस नाही, पण स्वतःच्या बायकोने जेवताना खिडकी उघडली की माणूस विचार करतो. तोडगा असा निघाला की न्हाणं होईपर्यंत पुराव्याला कपडे काढायच्या खोलीत ठेवायचं, बाहेरचं दार कुलूपबंद, मधलं दार लावलेलं. पहिली पाळी पुरुषांची. पाळकसाहेब, हाकोला, मी आणि आणखी सहाजण. (त्या सहांत नेस्तोरीलाही घेतलं. नियम आरोपीला पुराव्यापासून दूर ठेवतो, साबणापासून नाही.) चूल तापली, दगडांवर पाणी पडलं, तीन आठवड्यांनी वाफ अंगाला लागली, आणि मावशी, हाकोला माझ्याशी बोलला. फक्त "हं" म्हणाला, पण बोलला.

काकांनी पाणी जायला जमिनीत जी उघडी मोरी काढली होती, ती मधल्या दाराखालून कपड्यांच्या खोलीतून बाहेर पडते. तू त्यांना कितीदा म्हणाली होतीस, ती झाकून घ्या म्हणून. तुझं बरोबर होतं. आम्ही नऊजण बादल्याच्या बादल्या पाणी अंगावर ओतत होतो, ते खळखळत मोरीतून जात होतं, आणि दाराच्या पलीकडे एक बीव्हर ते ऐकत होती. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकून बीव्हर स्वस्थ बसत नाही, हे नेस्तोरीला माहीत होतं. नंतर विचारल्यावर म्हणाला, "मला कुणी विचारलं नाही. मी आरोपी."

आधी खळखळ थांबली. मग पाणी घोट्यांपर्यंत आलं. पाळकसाहेब म्हणाले, "मोरी तुंबली वाटतं," आणि मी दार उघडलं. मोरीच्या तोंडावर बांध होता. तळाला पाळकसाहेबांचा काळा लांब कोट, त्यावर विजारी आडव्या-उभ्या, मध्ये बूट दगडांच्या जागी, आणि सगळ्या फटी भिंतींतल्या ओंडक्यांमधून उपसून काढलेल्या शेवाळाने बुजवलेल्या. (भिंती सुखरूप आहेत असं वर लिहिलं ते खरंच आहे. फक्त आता त्यांतून बाहेरचं दिसतं.) माझी खात्याची टोपी सगळ्यांत वर होती. बीव्हर शेपटीने थापून तिच्यावर शेवटचा हात फिरवत होती. हाकोलाने तरुणपणी धरणावर काम केलंय. तो तसाच वाकून बांध चाचपू लागला आणि म्हणाला, "आमच्या मुकादमाला हे कधी जमलं नाही."

बांध फोडायला तासभर लागला, कारण प्रत्येक विजार ओढली की बीव्हर ती परत लावायची. अंगणात बायका आपल्या पाळीची वाट पाहत कॉफीची किटली घेऊन बसल्या होत्या. अंग झाकायला निदान जुड्या तरी असत्या, पण त्या तिने आधीच खाल्ल्या होत्या हे वर आलंच आहे. आम्ही नऊजण कसे बाहेर आलो ते तू कुणाकडूनही ऐक, माझ्याकडून नको. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी हाकोलाचा आखूड कोट घालून सहनशीलतेवर प्रवचन दिलं. नेहमीपेक्षा लांब.

यानंतर मी पुरावा पुन्हा आत घातला आणि शनिवार बंद केला. मला वाटलं होतं आता गाव माझी साउना, म्हणजे तुझी साउना, जाळणार. पण पुढच्याच रविवारी, दोन जूनला, सकाळी मी फांद्या घेऊन गेलो तर आतून रडण्याचा आवाज. अगदी तान्ह्या मुलाचा. मी फांद्या टाकून कुलूप उघडलं. वरच्या बैठकीच्या (तीही आता तुकड्यांत आहे) भुशाच्या गादीवर ती आडवी होती आणि तिच्या पोटाशी तीन पिल्लं, मुठीएवढी, डोळे उघडे, अंगभर केस, आणि शेपट्या अंगठ्याएवढ्या, चपट्या. ज्या कोपऱ्यात माझ्या जन्माच्या वेळी तू मला हातांत घेतलंस असं आई सांगायची, बरोबर त्याच कोपऱ्यात. मी टोपी काढली. का काढली ते माहीत नाही, खात्यात तसा नियम नाही.

बातमी कशी फुटली ते कळलं नाही. दुपारपर्यंत अंगणात सगळ्या बायका, हातात टोपल्या, टोपल्यांत वेलदोड्याचा पाव. कुणाकडे बाळंतीण असली की जायचंच, मग ती कोण आहे ते बघायचं नाही, हे तूच या गावाला शिकवलं आहेस. पाव आम्ही खाल्ला. तिच्यासाठी पाळकीणबाई (ज्यांच्या नवऱ्याचा कोट अजून वाळला नव्हता) ॲस्पेनच्या कोवळ्या डहाळ्या घेऊन आल्या होत्या. हिल्याला सध्या फार वाकता येत नाही, म्हणून ती स्टुलावर बसून नुसती पाहत होती. नेस्तोरी बाहेर उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, "कंपनी वाढली." मी त्याला गप्प केलं.

कारण संध्याकाळी पुस्तक उघडलं, आणि त्यात असं निघालं: बंदिवासात जन्मलेलं जनावर ज्याच्या ताब्यात जन्मलं, तो त्याचा पाळणारा, आणि पाळणाऱ्याकडे परवाना नसेल तर तो गुन्हेगार. पिल्लं नेस्तोरीच्या ताब्यात जन्मली नव्हती. किल्ली माझ्या खिशात होती. मी ते कलम चार वेळा वाचलं, दोनदा मोठ्याने. हिल्या म्हणाली, "राहू दे ना रे, कोण बघतंय?" मी म्हणालो, मी बघतोय ना. मग मी स्वतःला नोटीस दिली. तीन प्रतींत. आरोपीचं नाव ऑस्मो राउतिओ, अधिकाऱ्याचं नाव ऑस्मो राउतिओ. "आरोपीने गुन्हा कबूल केला का?" पुढे मी "हो" लिहिलं. "आरोपीचं वर्तन" पुढे "सहकार्याचं". एक प्रत मी मला दिली आणि पोच घेतली. तू हसशील, पण मावशी, दुकानात सगळ्या गावासमोर त्या म्हाताऱ्याला पकडणारा मी; माझ्या वेळी डोळे मिटले असते तर मला त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकता आलं नसतं.

ही नोटीस वर गेली, आणि काल, सोमवारी, क्रँडलसाहेब आले. जिल्ह्याचे मुख्य, माझी पहिली जुलै त्यांच्या सहीवर अवलंबून. मोटारीतून उतरले ते नोटीस हातात धरूनच. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली. मग साउना पाहिली, आत जाऊन पिल्लं पाहिली, नेस्तोरीला पाहिलं (तो उंबऱ्यावर होता, त्याने त्यांना कॉफी विचारली). बाहेर येऊन ते मोटारीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "राउतिओ, तीस वर्षांत मी लाच खाणारे पाहिले, झोपणारे पाहिले. स्वतःला पकडणारा पहिलाच." मी आभार मानले. ते म्हणाले, ही स्तुती नव्हती.

मग त्यांनी मार्ग सांगितला. पुरावा जिवंतच असला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. कातडं चालतं. चार कातडी, चार चकत्या, शुक्रवारी ते न्यायला येतील; पिल्लंच राहिली नाहीत की माझ्यावरची नोटीस ते फाडून टाकतील, नेस्तोरीची सुनावणी कातड्यावर होईल, आणि पहिल्या जुलैला मी पक्का. "नाहीतर," ते म्हणाले, आणि नोटीस घडी घालून खिशात ठेवली. नेस्तोरीने उंबऱ्यावरून एवढंच म्हटलं, "जूनमधलं कातडं? केस गळतात साहेब. त्याचं पायपुसणं पण होत नाही." क्रँडलसाहेबांना फिनिश येत नाही. मी भाषांतर केलं नाही.

तर अशी हकीकत आहे. आदेश म्हणजे आदेश, मी खात्याचा माणूस आहे, आणि परवा, गुरुवारी सकाळी, मी तो पाळीन. सुरीला धार लावून ठेवली आहे. तुझी साउना त्यानंतर मी पहिल्यासारखी करून देईन, फक्त बैठका, मोरी, भिंतींतलं शेवाळ, डाव आणि दाराची चौकट (ती वर लिहायची राहिली) एवढंच करायचं आहे. गुडघ्यांना जप. सायमीला आणि जावईबापूंना माझा नमस्कार सांग.

तुझा आज्ञाधारक भाचा,
ऑस्मो राउतिओ
(शिकारखाते, कच्चा निरीक्षक)

ता.क. पाकिटात एक निळा फॉर्म आहे. तो सहज घातला आहे. फरची जनावरं पाळण्याच्या परवान्याचा अर्ज आहे, जागेच्या मालकाच्या नावाने. जागा तुझी आहे हे तुला आठवत असेलच. परवानेवाल्याच्या जनावराचं कातडं मालकाच्या संमतीशिवाय कुणालाही, अगदी क्रँडलसाहेबांनाही, काढता येत नाही, असं कलम आहे. मी खात्याचा माणूस असल्यामुळे तुला फॉर्मवर मागची तारीख घाल असं सांगू शकत नाही, आणि सांगतही नाही. तारखेची जागा मी कोरी सोडली आहे ती घाईमुळे. केवळ बातमी म्हणून पुन्हा लिहितो की नेस्तोरीने तिला मेच्या पहिल्या आठवड्यात आणलं. तू एप्रिलपासूनच पाळणारी असतीस तर तो फक्त तुझा गडी ठरला असता, मी फक्त तुझा भाचा, आणि कुणीच गुन्हेगार नसतं. तुला एप्रिल महिना आवडतो हे मला माहीत आहे.

ता.क. दुसरा (गुरुवार, २० जून). वरचा ता.क. रद्द समजावा. टपालगाडी मंगळवारी निघून गेली होती, पुढची आज दुपारी आहे. फॉर्म तुझ्यापर्यंत जाऊन परत येईतो शुक्रवार कधीच गेला असता. मी तो पाकिटातून काढून चुलीत घातला. मला बरं वाटलं. चुकीचं काम करायला सांगायचं तर ते मावशीला कशाला सांगायचं.

आज सकाळी मी सुरी आणि चार चकत्या घेऊन साउनेकडे गेलो. नेस्तोरी उंबऱ्यावर बसला होता. त्याने सरकून वाट दिली. आत ती उठून बसली, पुढच्या दोन्ही पायांत फांदी धरून, आणि तिन्ही पिल्लं माझ्या बुटाकडे आली, कारण रोज त्या बुटांबरोबर खाणं येतं. एक बुटावर चढलं. मी तिथे किती वेळ उभा होतो ते अहवालात लिहिलेलं नाही. मग मी बाहेर येऊन आरोपीला अधिकृतपणे विचारलं, "जप्त पिंप कुठे आहे?"

"तुझ्याच गोठ्यात," तो म्हणाला. "कशाला?"

"एकट्याने उचलत नाही ते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उठला, एवढ्या चपळाईने की आपल्याला संधिवात आहे असं तो कोर्टात सांगणार होता, त्यावर माझा विश्वास राहिला नाही. तिला शेपटीच्या मुळाशी कसं धरायचं ते त्याने मला दाखवलं. आम्ही दोघांनी पिंपाचे दोन कान धरले आणि गिरणीच्या वरच्या वळणापर्यंत गेलो, अधिकारी पुढे, आरोपी मागे. पाण्यात शिरल्यावर तिने एकदा जोरात शेपटी आपटली, आम्ही दोघे भिजलो, आणि चौघंही पलीकडच्या काठाखाली गेली. नेस्तोरी म्हणाला, पाइपचा धूर डोळ्यांत गेला. पाइप त्याच्या खिशात होता. माझ्याजवळ पाइपही नाही, तेव्हा माझ्याबद्दल मी काही लिहीत नाही.

अहवाल तीन प्रतींत केला आहे आणि याच गाडीने जातो आहे: "पुरावा क्रमांक एक ते चार नदीमार्गे फरार. दार अधिकाऱ्याने स्वतः उघडलं. पाठलाग केला नाही." पुराव्याशिवाय नेस्तोरीचा खटला उभा राहत नाही, तो सुटला. पहिल्या जुलैचं माझं काय होणार ते तुला समजलंच असेल. मला भीती वाटते आहे, मावशी. आणि गेल्या सहा आठवड्यांत आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

ता.क. तिसरा. हिल्याने पत्र वाचलं. म्हणते, एवढी पानं लिहिलीस आणि जे लिहायला बसला होतास ते एका ओळीतही नाही. तिचं बरोबर आहे, माझ्याच्याने सुरुवात होत नव्हती. ऑगस्टच्या मध्याला आमच्याकडे बाळ येणार आहे. नोकरी असेल की नसेल सांगता येत नाही, पण तू ये. हिल्याला दवाखाना नको, तुझेच हात हवेत, आणि तुझीच साउना. हाकोला उद्यापासून बैठका ठोकायला येतो आहे, पाळकसाहेब शेवाळ भरणार आहेत, आणि जुड्या यंदाच्या सणाला बायका दुप्पट बांधणार आहेत. मी हिल्याला म्हणालो, अगं, त्या जागेचं काय झालंय ते तू पाहिलंस, तुला चालेल का? ती म्हणाली, न चालायला काय झालं? या महिन्यातच एक झाली ना तिथे बाळंत, परक्या घरात, दाराला सरकारी कुलूप, तरी तिन्ही लेकरं धडधाकट. मी तर घरचीच आहे.